आत्या, तुला कुणी विचारलं होतं?

वार्षिक सभेनंतरच्या दुसऱ्या रविवारी उपासना आटोपून मी थेट आत्याकडे जेवायला गेले. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची मंडळी. आत्या इथल्याच शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी संडे स्कूल, महिला मंडळ, नाताळचं प्रेमभोजन यांतलं काहीच तिच्यावाचून होत नाही. मी पुण्यात एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे, पण रविवार गावीच काढते. यंदा सभेने मला पास्टोरेट कमिटीवर निवडून दिलं आणि पहिल्या बैठकीसाठी मी चार पानांची प्रश्नावली तयार केली. मंडळीतल्या प्रत्येकाने ती भरायची, त्यावरून ज्याची त्याची ताकद ओळखायची आणि मग जबाबदाऱ्या वाटायच्या, अशी माझी योजना होती. बैठकीआधी आत्याने ती वाचावी, एवढ्यासाठी कागद पर्समध्ये घालून नेले होते.

तिने चष्मा लावला, लाल पेन काढलं. पहिल्या पानावर चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि दुसऱ्या पानावर थांबली.

आत्या: हे वाक्य बघ. 'लोकांचं नेतृत्व करायला मला आवडतं.' पुढे पाच चौकोन, पूर्ण सहमत ते अजिबात असहमत. आपल्या मंडळीतली कुठली बाई 'पूर्ण सहमत'वर खूण करील?

मी: जिला आवडतं ती.

आत्या: जिला आवडतं तीच करणार नाही. पुढंपुढं करू नये, हे तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून सांगितलंय. ती मधल्या चौकोनावर खूण करून मोकळी होईल. आणि ज्याला पुढंपुढं करायची हौस, तो सगळीकडे 'पूर्ण सहमत'. मग तुझ्या कागदावर पुढारी कोण ठरणार?

मी: ही अडचण मला ठाऊक आहे. म्हणून एकच गोष्ट मी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारली आहे. आणि हे काही मी हवेतून काढलेलं नाही, आत्या. अमेरिकेत डोनाल्ड क्लिफ्टन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. माणसात काय बिघडलंय हे शोधण्यात सगळं शास्त्र गुंतलंय, त्याला काय चांगलं जमतं हे कुणी पाहतच नाही, असं त्यांना वाटे. त्यांनी गॅलप संस्थेत जी चाचणी तयार केली, तिच्यात वाक्यांच्या १७७ जोड्या असतात. प्रत्येक जोडीला २० सेकंद. तेवढ्या वेळात विचार करून सोंग आणता येत नाही. शेवटी ३४ गुणांपैकी आपले पहिले पाच कळतात. पुढे क्लिफ्टननी एका मेथडिस्ट पाळकांना आणि आणखी एका सहकाऱ्याला बरोबर घेऊन खास चर्चसाठी पुस्तकही लिहिलं. आमच्या कंपनीत ही चाचणी आम्ही सगळ्यांकडून करून घेतो. ज्यांना वर्षानुवर्षं 'तुझं इथं चुकतं' एवढंच ऐकायला मिळालेलं असतं, त्यांना पहिल्यांदा 'हे तुला जमतं' असं कुणीतरी सांगतं. कागद हातात घेऊन रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आत्या: ते खरं असेल. पण कंपनीला माणूस कशासाठी हवा असतो आणि मंडळीला कशासाठी? तू सगळीकडे 'ताकद' लिहिलंयस. शास्त्रात शब्द आहे 'कृपादान'. ताकद माझी असते. दान दुसऱ्याचं असतं, माझ्याकडे नुसतं पोचतं.

मी: शब्द बदलायला माझी हरकत नाही. पण दान आलंय हे आधी कळायला तर हवं. तालांतांच्या दाखल्यात एकाने जमिनीत पुरून ठेवलं, तशी आपल्या मंडळीत निम्मी माणसं आपापला तालांत पुरून बसली आहेत.

इथे आत्याने चष्मा काढला. वर्गात कुणी ठरलेली चूक केली की ती असाच काढायची, असं तिचे जुने विद्यार्थी सांगतात.

आत्या: मत्तयाचा पंचविसावा अध्याय नीट वाच. धन्याने तालांत कसे वाटले? ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. म्हणजे कुवत आधीच होती आणि तालांत तिच्यावर दिला गेला. मग तालांत म्हणजे कुवत कशी होईल? ते चांदीचं वजन होतं, मजुराने पंधरा-वीस वर्षं राबून मिळवावी एवढी ती रक्कम. इंग्रजीत त्या शब्दाला 'अंगचा गुण' असा अर्थ याच दाखल्यावरून पुढे चिकटला आणि तिथून तो आपल्या प्रवचनांत आला. पण दाखल्यातला तालांत ही सोपवलेली वस्तू आहे. धन्याने चाकरांना 'तुझ्यात काय आहे ते शोध' असं सांगितलं नाही. त्याने त्यांच्या हातात काम ठेवलं आणि तो परदेशी गेला.

हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं तो दाखला ऐकते आहे, संडे स्कूलमध्ये मी स्वतः शिकवलाय, आणि दर वेळी मुलांना सांगत आलेय की तुमच्या अंगचे गुण पुरून ठेवू नका. सांगण्यात चूक होती असं अजूनही वाटत नाही. पण दाखल्यातल्या धन्याने आधी विश्वास टाकला, ही गोष्ट माझ्या धड्यातून पार गळून गेली होती.

मी: बरं. पण धन्याला प्रत्येकाची कुवत माहीत होती. ती कशी?

आत्या: त्याच्याच घरात राबत होती ना ती माणसं. बघितलं असेल त्याने त्यांना. तेच तर म्हणतेय मी. बघावं लागतं. प्रेषितांच्या कृत्यांतल्या बर्णबाचं खरं नाव काय, सांग.

मी: योसेफ. कुप्र बेटावरचा लेवी.

आत्या: मग बर्णबा कुठून आलं? प्रेषितांनी ठेवलं. बोधपुत्र म्हणा, धीर देणारा म्हणा. त्याने स्वतः अर्ज भरून 'माझ्यात धीर देण्याचा गुण आहे' असं सांगितलं नव्हतं. ज्यांना त्याचा धीर मिळाला, त्यांनी नाव दिलं. आणि पुढे बघ तो काय करतो. शौलाला सगळे भीत होते तेव्हा त्याचा हात धरून यरुशलेमातल्या प्रेषितांकडे कोण घेऊन गेलं? बर्णबा. अंत्युखियाची मंडळी वाढली तेव्हा तार्सला जाऊन शौलाला शोधून कुणी आणलं? बर्णबाने. मार्काला पौल, म्हणजे तोच शौल, बरोबर घ्यायला तयार नव्हता, तेव्हा मार्काला घेऊन वेगळ्या वाटेने कोण गेलं? तोच. ज्याला इतरांनी ओळखलं, तो इतरांना ओळखत गेला. रमाबाईंचंच घे. 'पंडिता' ही पदवी त्यांनी स्वतःला लावली का? १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ऐकलं, पारखलं आणि 'पंडिता' म्हटलं, 'सरस्वती' म्हटलं. वीस वर्षांची मुलगी. त्या ज्ञानावर पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत सबंध बायबल आणलं.

मी: आणि त्या ज्ञानाला आधी कुणी वाट दिली? आईने, पहाटे उठून. त्या काळी बाईला संस्कृत शिकवणं पाप समजत. तेव्हाच्या समाजाला विचारलं असतं की या मुलीत काय गुण आहे, तर काय उत्तर आलं असतं? पंडितांनी ओळखलं खरं, पण वीस वर्षं उलटल्यावर, आणि तेही समोर येऊन उभी राहिली म्हणून. जी उभी राहू शकली नाही तिचं काय?

आत्या: म्हणून तर रमाबाईंनी मुक्ती सदन काढलं.

मी: आणि त्या मुक्ती सदनात, केडगावला, त्यांनी काय केलं? दुष्काळातून आणलेल्या मुली. लोकांच्या लेखी त्या ओझं होत्या, विधवा, अनाथ, पुष्कळशा आजारी. रमाबाईंनी कुणाला मागावर बसवलं, कुणाला शेतावर घेतलं, कुणाला छापखान्यात. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांच्यातल्या मुलींनी शिकून बायबलचे खिळे जुळवले. ते बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये, रमाबाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर. आत्या, मला तेच हवंय. आपल्या मंडळीची नजर ज्यांच्यावर पडतच नाही, त्यांच्यासाठी हा कागद आहे.

आत्या: मंडळीची नजर पडत नाही, असं कसं म्हणतेस?

मी: मोजून म्हणतेय. जुनी इतिवृत्तं काढून बसले होते. गेल्या तीस वर्षांत सेक्रेटरी आणि खजिनदार कोण कोण झाले, ते लिहून काढलं. चार आडनावं, आत्या. साडेतीनशे माणसांच्या मंडळीत चार आडनावं. एकही बाई नाही. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, आपण तिच्यात गेलो. घटना बदलली, नावं बदलली. आपल्या गावात मात्र खुर्च्या हलल्या नाहीत. तू म्हणतेस, माणसांनी ओळखावं. ओळखणारी माणसं कोण? ज्यांचा आवाज ऐकू येतो त्यांचंच ती ऐकतात, जे पुढच्या बाकावर बसतात तेच त्यांना दिसतात. माझ्या चौकोनांना निदान आडनाव कळत नाही.

आत्या काही बोलली नाही. उठून तिने चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं, मी जास्त बोलले. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या आत्तोबांचं आडनाव त्या चारांत आहे.

कप घेऊन ती परत आली तेव्हा विषय बदलेल असं वाटलं होतं. तिने मात्र तोच धागा उचलला, आणि ती माझ्या बाजूने बोलू लागली.

आत्या: प्रेषितांच्या कृत्यांत सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात, अशी कुरकुर झाली. कुरकुर ऐकून प्रेषित रागावले नाहीत. सात माणसं निवडा म्हणाले. त्या सातांची नावं बघ, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातलेच निवडले. हे मी शाळेत शिकवताना सांगत असे. आपल्या मंडळीत कधी सांगितलं नाही.

मी: पण आत्या, तिथेही निवड मंडळीवरच सोपवली. म्हणजे तुझंही बरोबर आहे.

आत्या: आणि पुढे काय झालं ते तुझ्याही विरुद्ध जातं, माझ्याही. पंगतीच्या कामाला नेमलेला स्तेफन. त्या सबंध पुस्तकातलं सगळ्यांत लांब भाषण त्याच्या तोंडी आहे. दुसरा फिलिप्प. तो शोमरोनात गेला, रस्त्यावर रथ गाठून कूशी अधिकाऱ्याला शास्त्र उलगडून सांगितलं. नेमणूक वाढप्याची आणि झाला सुवार्तिक. ना निवडणाऱ्यांना कळलं होतं, ना त्या दोघांनी कागदावर लिहून दिलं असतं. कामाला हात लागल्यावर कळलं.

मी: लक्ष्मीबाई टिळकांसारखं.

आत्या: हो गं, लक्ष्मीबाईच. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, यांचा १९००चा. मधली पाच वर्षं काय सोसलं असेल ते सोसलं. कवी ते, कीर्तनकार ते, मंडळीच्या तोंडी देशी चालीची भजनं घातली ती त्यांनी. ही त्यांची बायको, एवढीच ओळख. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धंही झालं नव्हतं. ते कुणी पुरं केलं? यांनी. साठाहून जास्त अध्याय लिहिले. आणि 'स्मृतिचित्रे'! मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आठवणी लिहून दे म्हणाला. नवऱ्याच्या आठवणी लिहायला बसलेल्या बाईंनी मराठीतलं एक अव्वल पुस्तक लिहून ठेवलं. पहिला भाग आला १९३४ मध्ये, म्हणजे वयाच्या पासष्टीनंतर. तुझी प्रश्नावली त्यांना चाळिशीत दिली असती, तर 'मला लिहायला आवडतं'समोर कुठली खूण केली असती?

मी: 'अजिबात असहमत'.

आत्या: आणि मंडळीला विचारलं असतं तर मंडळीनेही तेच सांगितलं असतं.

मी कबूल केलं. मग मला जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. बैठकीआधी तरुण संघातल्या अकरा जणांना मी प्रश्नावली भरायला दिली होती. शेवटचा प्रश्न मोकळा होता: देवाने तुम्हाला कोणती ताकद दिलीय असं वाटतं? अकरांपैकी नऊ जणांनी लिहिलं, गायन. त्यांतल्या सहांना धड सूर लागत नाही. घरी येऊन मी ते कागद पुन्हा पुन्हा वाचले. मुलं खोटं बोलत नव्हती. चर्चमध्ये ज्याच्यासाठी टाळ्या पडतात असं एकच काम त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. निर्गमात बसालेलाविषयी लिहिलंय की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, आणि कशासाठी, तर सोनं, रुपं, लाकूड यांवर कारागिरी करण्यासाठी. आमच्या चर्चचे बाक गेली वीस वर्षं जो सुतार फुकट दुरुस्त करतो, त्याच्यासाठी वेदीवरून प्रार्थना झालेली मी ऐकलेली नाही. मुलं काय लिहिणार? जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. दहाव्या मुलीने लिहिलं होतं, शिकवणं. अकराव्याने ती जागा कोरीच ठेवली.

आत्या: अकरावा कोण?

मी: तो मागच्या बाकावर, पंख्याखाली बसतो तो. स्टँडवर भाजी विकणाऱ्या बाईंचा मुलगा. उपासनेत सुद्धा मान खाली घालून मोबाइल बघत असतो, म्हणून पाळकसाहेब एकदा बोलले होते.

आत्या: तो होय. त्याचं मोबाइलचं मला माहीत आहे. (ती थोडी थांबली.) माझं पेन्शन अडकलं होतं ना दिवाळीत, हयातीच्या दाखल्यावरून? बँकेत तीन खेटे घातले. अंगठ्याचा ठसाच उमटेना. हा मुलगा तिथे दुसऱ्या एका म्हाताऱ्याला घेऊन आलेला. मला बघितलं आणि म्हणाला, आजी, चेहरा दाखवून पण होतं, घरी येतो. संध्याकाळी आला, दहा मिनिटांत काम केलं. चहा घेतला नाही. मग कळलं की आपल्या वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं तोच करतो. गॅसचा नंबर, दवाखान्याचं कार्ड, मुलाला व्हिडिओवर फोन लावून देणं. उपासनेत मोबाइल बघतो तेव्हासुद्धा कुणाचं तरी काहीतरी चालू असेल.

मी: हे तू कमिटीत कुणाला सांगितलंस?

आत्या: नाही.

मी: का?

आत्या: त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं. पोराने मदत केली, देव त्याचं भलं करो म्हटलं आणि विसरले.

मग मी तिला तो प्रश्न विचारला जो इतिवृत्तं वाचताना मनात आला होता. महिला मंडळाचा हिशेब आत्याने बावीस वर्षं ठेवला. शिलाई मशीन घेण्यासाठी बायकांकडून महिना दहा दहा रुपये जमवण्यापासून ते शंभर-दीडशे पानांच्या प्रेमभोजनाच्या खर्चापर्यंत. एका पैची चूक कधी निघाली नाही. त्याच बावीस वर्षांत मंडळीच्या मुख्य हिशेबात दोनदा मोठा घोळ झाला.

मी: आत्या, तुला खजिनदार व्हायचं होतं?

आत्या: मला कुणी विचारलं नाही.

मी: व्हायचं होतं का, ते विचारतेय.

आत्या: दुसऱ्या घोळाच्या वेळी वाटलं होतं. तुझे आत्तोबा त्या वेळी कमिटीत होते. मी रात्री त्यांना म्हटलं, वह्या घरी आणा, मी बघते. त्यांनी आणल्या. चार रात्री बसून मी फरक शोधून काढला. त्यांनी तो बैठकीत मांडला, सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. ते वाईट नव्हते गं. माझं नाव सांगावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि मीही म्हटलं नाही.

बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करायची खटपट करत होतं. तो आवाज संपेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. २०१३ मध्ये दक्षिण भारतीय मंडळीने नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं, भारतातल्या त्या मंडळीच्या पहिल्या महिला बिशप. ती बातमी मी तेव्हा किती आनंदाने आत्याला दाखवली होती, आणि ती फक्त 'बरं झालं' म्हणाली होती, ते मला आठवलं. त्या दोन शब्दांत काय होतं, हे त्या रविवारी थोडं कळलं.

आत्या: पण मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी अठरा वर्षं संडे स्कूलची सुपरिंटेंडेंट होते. मला कुणी विचारलं नाही हे जितकं खरं, तितकंच मीही कितीजणींना विचारलं नाही. एक मुलगी होती, फार अबोल. वर्गात लहान पोरं रडायला लागली की तिच्याच मांडीवर जाऊन बसायची. मी तिला वर्ग दिला नाही, कारण तिला मोठ्याने प्रार्थना करता येत नसे. प्रार्थना करता येणाऱ्या मुलीला दिला. ती अबोल मुलगी पुढे लग्न होऊन गेली. कुठल्या मंडळीत आहे, माहीत नाही. पोरांना काय हवं होतं ते पोरांनी मला दाखवलं होतं, अगदी डोळ्यासमोर. मी माझा नियम बघत बसले.

मी: शमुवेलसुद्धा चुकला होता. इशायाचा थोरला मुलगा उंचापुरा दिसला, त्याला वाटलं हाच.

आत्या: शमुवेलने नंतर विचारलं तरी, आणखी कुणी आहे का म्हणून. मेंढरांमागे गेलेल्या दावीदाला बोलावून आणेपर्यंत तो जेवायला बसला नाही. मी विचारलं नाही.

यानंतर आमचं भांडण असं राहिलं नाही, पण एकमतही झालं नाही. आत्याला अजून एक गोष्ट डाचत होती आणि ती तिने सोडली नाही. ताकद ताकद करताना दुबळेपणाला जागा राहत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या लहानपणी एक पाळकसाहेब होते, प्रवचन इतकं कंटाळवाणं की मुलं खिडक्या मोजत. पण वाडीत कुणी मरणाच्या दारात असलं की ते रात्रभर उशाशी बसत, आणि बोलता येत नसल्यामुळे नुसते बसत. ते बसणं लोकांना चाळीस वर्षांनंतरही आठवतं. पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. त्या काट्याचं काय करायचं हे तुझ्या ३४ गुणांत कुठे आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्या पाळकसाहेबांना कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं की प्रवचन दुसऱ्याला करू द्या, तुम्ही लोकांच्या उशाशी बसा, तेच तुमचं काम. खिडक्या मोजणाऱ्या मुलांचाही विचार करायला हवा. दुबळेपणात देव काम करतो, ही गोष्ट जे काम जमत नाही तेच वर्षानुवर्षं करत राहण्याची सबब होऊ नये. ती म्हणाली, त्यांचं प्रवचन चांगलं असतं तर ते इतके नम्र राहिले असते का, कुणास ठाऊक. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही प्रश्नावली पुन्हा लिहायला घेतली. 'मला आवडतं', 'मला जमतं' अशी 'मी'ची वाक्यं पहिल्या पानावरून काढली. त्यांच्या जागी दोन प्रश्न आले, ते आत्याने सांगितले आणि मी लिहिले. गेल्या वर्षभरात तुमच्या अडचणीच्या वेळी मंडळीतलं कोण उपयोगी पडलं? त्या व्यक्तीने नेमकं काय केलं? खाली अट घातली: घरातल्या माणसाचं नाव लिहायचं नाही, आणि पाळक किंवा कमिटीच्या सभासदाचंही नाही. ही अट माझी. चार आडनावं फिरून वर येऊ नयेत म्हणून. 'मी'ची वाक्यं तिसऱ्या पानावर गेली, सगळी काढायला मी तयार झाले नाही. आपल्याला काय करावंसं वाटतं हे कधीच कुणी विचारलं नाही म्हणून काही माणसं मुकाट राहिली आहेत, आणि त्यांतली एक समोर बसून मला मजकूर सांगत होती.

चौथ्या पानावर काम. ज्याचं नाव आलं त्याच्याकडे दोघांनी जायचं, काय ऐकलं ते सांगायचं आणि तीन महिन्यांसाठी एखादं काम हाती घ्याल का म्हणून विचारायचं. एकट्याला नाही, जोडीने. तीन महिन्यांनी नको वाटलं तर परत द्यायचं, आणि परत देणाऱ्याला कुणी का म्हणून विचारायचं नाही. हे शेवटचं आत्याला पटलं नाही. सेवा अशी परत करायची वस्तू आहे का, म्हणाली. मी म्हटलं, परत करता येत नाही म्हणूनच लोक घ्यायला घाबरतात, आणि ज्यांनी एकदा घेतली त्यांना तीस वर्षं सोडवत नाही. तिने तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मी तसंच ठेवून कागद बैठकीत नेणार आहे.

निघताना मी तिला म्हटलं, पहिला कागद तू भर. तिने पान पुढे ओढलं. कोण उपयोगी पडलं, या प्रश्नापाशी पेन टेकवलं आणि तिथेच थांबली. या मंडळीतल्या तीन पिढ्यांना तिने बाराखडी शिकवली आहे. कुणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कुणाची आजी कुठल्या वाडीतून आली, सगळं तिला पाठ.

"अगं," ती म्हणाली, "त्या मुलाचं नाव काय?"

मी तरुण संघाचे अकरा कागद पर्समधून काढले. कोरी जागा ठेवलेला कागद सापडला. नावाची जागाही त्याने कोरीच ठेवली होती.